जालन्याला एक दिवसाचं काम: स्टेशनकडचा लॉज की हायवेवरचं हॉटेल?

ऑफिसातला नवीन पोरगा परवा विचारत होता, सर जालन्याला कुठे उतरू. मी रोलिंग मिलना बेअरिंग विकतो, वर्षाला पाच-सहा चकरा होतात, दोन्हीकडे राहून झालंय, म्हणून लिहितोय. बियाणे कंपन्यांकडे जाणाऱ्यांनाही बहुतेक हेच लागू पडेल.

संभाजीनगरला राहून ये-जा करणारेही आहेत, साठ किलोमीटर तर आहे, रस्ता चांगला, शिवाय रात्री नान खलिया मिळतो (हा मुद्दा मी हलका समजत नाही). पण जालन्यातला खरेदीवाला सकाळी भेटला की हमखास म्हणतो, "दुपारून या ना." मग दुपारपर्यंत तुम्ही कुठे बसणार? त्यामुळे तो पर्याय मी सोडलाच.

आता हायवेवरची हॉटेलं. संभाजीनगर रोडला आहेत, एमआयडीसी जवळ, एसी, लिफ्ट, पांढरीशुभ्र चादर, जीएसटीचं छापील बिल. बिलाचं महत्त्व फिरतीवाल्याला सांगायला नको, लॉजच्या बिलबुकातली कार्बन कॉपी बघून आमचा अकाउंटवाला असा चेहरा करतो की जणू मीच ती घरी बसून लिहिली. सगळं छान आहे. फक्त चेकआउट दुपारी बाराचा.

ही एवढी एकच गोष्ट, पण मला तीच नडली. देवगिरी एक्सप्रेस मुंबईहून रात्री निघते आणि पहाटे जालन्यात सोडते. मी सव्वापाचला काउंटरवर उभा, रूम रिकामी असल्याचं तो स्वतःच सांगतोय, पण आत्ता पाहिजे तर अर्धा दिवस जास्तीचा लागेल, नाहीतर बारा वाजता या. कंपनी जास्तीचे देत नाही. बसलो सोफ्यावर. पुसणाऱ्या पोराने दोनदा पाय वर घ्यायला लावले, खालच्या बाथरूममध्ये गार पाण्याने दाढी केली आणि पारोसाच दहाच्या मीटिंगला गेलो. रूम हातात पडली ती संध्याकाळी चारला काम आटोपून आल्यावर, आणि रात्री परत देवगिरी धरायची म्हणून नऊला सोडली. पाच तास झोपायचे पूर्ण दिवसाचे पैसे, आंघोळ झाली ती काम संपल्यावर.

स्टेशनकडच्या जुन्या लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशोब असतो, निदान मी उतरतो तिथे तरी आहे. पहाटे पाचला आलात तर दुसऱ्या पहाटे पाचपर्यंत खोली तुमची. काउंटरवरचे काका अर्धवट झोपेत रजिस्टर पुढे सरकवतात आणि म्हणतात, "साहेब, सहा वाजेची एन्ट्री टाकतो, पडा जरा." बस्स, आणखी काय पाहिजे. जिना उभा आहे, पंखा आवाज करतो, गरम पाणी बादलीने येतं. पाण्याबद्दल तक्रार करायची मला जरा लाजच वाटते, २०१२-१३च्या दुष्काळात याच गावात एका बादलीत आवरून निघालोय मी, तेव्हा बाथरूमच्या दारावर तशी पाटीच होती.

जेवणाचं म्हणाल तर हॉटेलचा मेनू मोठा पण पनीरच्या सगळ्या भाज्यांना एकच ग्रेव्ही, आणि रात्री शेजारच्या टेबलांवर बाटल्या लागलेल्या, एकट्याने गप्प जेवायला कसंतरीच वाटतं. लॉजवरून खाली उतरलं की भोजनालय, मारवाडी पद्धतीची थाळी, तव्यावरचे फुलके, वाढणारा नको म्हटलं तरी एक टाकतोच. फक्त साडेनऊनंतर तिथे काही मिळत नाही, मग धाब्यावरची शेवभाजी आणि भाकरी. ती तिखट असते, दुसऱ्या दिवशी मीटिंग असेल तर जपून.

एक मात्र कबूल करतो. वंदे भारतने जाणार असाल तर माझं सगळं गणित उलटं होतं. ती ३० डिसेंबर २०२३ला जालन्यापासून सुरू झाली, पुढे नांदेडपर्यंत नेली. मुंबईहून दुपारी निघून जालन्यात रात्री पोहोचते, म्हणजे पहाटेचा प्रश्नच नाही. जेवा, झोपा, सकाळी नाश्ता करून अकराला रूम सोडा, बाराच्या चेकआउटचा त्रास शून्य. तेव्हा हॉटेल घेतलं तर मी नावं ठेवणार नाही. पण भाडं कंपनीकडून पास करून घ्यायची जबाबदारी तुमची, आमच्याकडे अजून स्लीपरवरच अडलंय.

म्हणून त्या पोराला सांगितलं, फोनवर एसी-वायफाय विचारत बसू नको, चेकआउट बाराचा का चोवीस तासांचा एवढंच विचार. मागच्या वर्षी बायकोला घेऊन जालन्याजवळच्या राजूरच्या गणपतीला गेलो तेव्हा तिला आधी आपला लॉज दाखवला, तिने तो जिना खालूनच पाहिला आणि रिक्षा सोडली नाही. गेलो हायवेवर.