स्वस्त इंकजेट प्रिंटर: यंत्र स्वस्त, शाई महाग

कार्ट्रिजवाला इंकजेट दुकानात भलताच स्वस्त वाटतो. कंपनीचा नफा यंत्रात नाही, शाईत आहे. खोक्यातलं पहिलं कार्ट्रिज बरेचदा अर्धवट भरलेलं असतं, म्हणजे दुसरी खरेदी लवकरच.

छपाई चांगली होते, त्याबद्दल तक्रार नाही. साध्या कागदावर अक्षर किंचित फुटतं, फोटो मात्र झकास येतात.

गोम कार्ट्रिजवरच्या चिपमध्ये आहे. बऱ्याच मॉडेलांत ही चिप शाई मोजत नाही, उडवलेल्या थेंबांवरून अंदाज बांधते. म्हणून ‘शाई संपली’ असं दिसलं तरी तळाशी थोडी उरलेलीच असते. खोक्यावरचा पानांचा आकडा आयएसओ २४७११ या आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणीतला, सलग छपाईचा. घरी आठवड्याला चार पानं काढली, तर मध्ये शाई वाळते, आणि प्रत्येक हेड क्लीनिंगला (शाई फवारणाऱ्या छिद्रांच्या सफाईला) शाई उडते आणि थेट आतल्या स्पंजात जाते. स्पंज भरला की काही मॉडेलं चक्क बंद पडतात.

घेतलाच असेल तर आधी फर्मवेअरचं, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, ऑटो अपडेट बंद करा, नाहीतर दुसऱ्या कंपनीचं कार्ट्रिज एके दिवशी अचानक नाकारलं जाऊ शकतं. शाई वाळू नये म्हणून आठवड्यातून एक रंगीत पान काढा. छपाईत रेघा आल्या तर डीप क्लीनिंग, म्हणजे भरपूर शाई खाणारी सफाई, अगदी शेवटी. आधी नॉझल चेक, म्हणजे कुठली छिद्रं तुंबलीत ते दाखवणारं चाचणीचं पान.

महिन्याला शंभरावर पानं लागत असतील तर इंक टँक (बाटलीतून शाई भरायचा प्रिंटर) घ्या. फक्त काळंच छापायचं? मग मोनो लेझर. त्यात शाईऐवजी असलेला टोनर म्हणजे पावडर असते, वाळत नाही.