निष्ठा ९४ होती, तरी फितूर झाला: जपानी युद्ध-गेम सात महिने खेळल्यानंतर

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला गेम. आता जून उजाडलाय आणि ओदा नोबुनागाची पूर्ण मोहीम तीनदा खेळून झालीय.

सुरुवात १५६० ची. नोबुनागा म्हणजे ओवारीतला, आजच्या नागोयाकडचा, पंचविशीतला सरदार. बापाच्या अंत्यविधीत वेदीवर उदाची भुकटी फेकली म्हणून लोकांनी येड्यात काढलेला. समोर इमागावा योशिमोतोची जवळपास २५,००० ची फौज, आपल्याकडे जेमतेम तीन हजार. दोनदा किल्ला धरून बसलो आणि दोनदा सपाटून मार खाल्ला. तिसऱ्यांदा पाऊस कोसळेपर्यंत दम धरला, मग ओकेहाझामाला थेट योशिमोतोच्या छावणीत घुसलो. रात्री दीड वाजता एकटाच ओरडलो. आई उठून आली.

पुढे गिफू, क्योतो, १५७५ ला नागाशिनो. तिथे आधी लाकडी कुंपण ठोकायचं, बंदूकवाले त्यामागे. शत्रू ताकेदा घराण्याचे घोडे कुंपणाशी अडले की काम सोपं. वेढे मात्र भयंकर रटाळ. नकाशावरची अक्षरं मुंगीएवढी, लॅपटॉप तव्यासारखा तापतो.

गेममध्ये लुईश फ्रोइश हा पाद्रीही भेटतो. तो जपानला गेला गोव्यात बरीच वर्षं काढून, याचा उल्लेख मात्र कुठेच नाही. आपल्याला उगाच वाईट वाटतं.

खरी मजा निष्ठेच्या आकड्यात. प्रत्येक सरदाराला शंभरपैकी गुण, आणि घसरले की चहाची भांडी भेट द्यायची. मला हा पोरकटपणा वाटला होता. पण नोबुनागाच्या खऱ्या सरदाराला, ताकिगावा काझुमासुला, प्रांत मिळाला तरी तो हळहळला, कारण त्याचा डोळा चहापूड ठेवायच्या एका छोट्या बरणीवर होता!

आणि मग माझाच सरदार आकेची मित्सुहिदे. निष्ठा ९४, भांडी देऊन झालेली, तरी १५८२ च्या जूनमध्ये मी उतरलेल्या क्योतोतल्या होन्नोजी मंदिराला त्याचाच वेढा. मी चिडून कंपनीला बग म्हणून कळवलं. उत्तर आलं, सेव्ह फाइल पाठवा. पाठवली, पुढे शांतता.

त्या रात्री सेव्ह उघडून नकाशा नीट पाहिला. माझे सरदार पांगलेले: शिबाता उत्तरेला शत्रू उएसुगी घराण्यावर, ताकिगावा पूर्वेला, हिदेयोशी पश्चिमेला ताकामात्सुच्या किल्ल्याभोवती पाणी तुंबवून बसलेला. राजधानी क्योतोजवळ मोठी फौज एकच, तांबा प्रांतातली मित्सुहिदेची १३,००० ची. होन्नोजीत मी मोजक्या माणसांनिशी. सगळे चांगले सरदार मीच सीमेवर पाठवले होते. खऱ्या नोबुनागानेही जवळपास हेच केलं होतं. मित्सुहिदे का उलटला, यावर अपमान, भीती, हाव अशी बरीच कारणं सांगतात, एकमत कशावरच नाही. पण संधी कशी मिळाली ते नकाशावर ढळढळीत दिसतं.

एक चूक अक्षम्य आहे. खरा हिदेयोशी पश्चिमेच्या शत्रूशी, मोरी घराण्याशी, तह करून असा धावत आला की होन्नोजीनंतर अकराव्या दिवशी यामाझाकीला मित्सुहिदेचा निकाल लागला. गेममध्ये त्याला यायला दोन महिने लागतात! तोवर आकेची क्योतोत आरामात कर वसूल करतो.

पाचपैकी चार तारे. चौथी मोहीम चालू आहे. यावेळी निवा नागाहिदे या सरदाराला पाच हजार लोकांसह क्योतोतच ठेवलंय, मित्सुहिदे गप्प आहे. फक्त निवाची ती माणसं उत्तरेहून काढलेली, आणि कालपासून उएसुगी तिकडचे किल्ले एकेक करून घेतायत.