ग्वाश : वाईच्या कार्यशाळेपासून पावसाळ्यापर्यंत वापरून झाल्यावर

जानेवारीत वाईला निसर्गचित्रणाच्या कार्यशाळेत ग्वाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, शिकले. तेव्हापासून कडक उन्हाळा आणि जवळजवळ अख्खा पावसाळा याच रंगांत काम केलं. माझं मत आधीच सांगते: बाहेर बसून चित्र काढायला सुरुवात करणार असाल, तर पारदर्शक जलरंगाआधी ग्वाश शिका. हे अनेकांना उलटं वाटेल. आपल्याकडे लँडस्केप म्हटलं की पारदर्शक जलरंगच डोळ्यांसमोर येतो, आणि अपारदर्शक म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेतल्या पोस्टर कलरच्या बाटल्या.

ग्वाश जलरंगाच्याच घराण्यातला. त्याच्यासारखाच डिंकात घोटलेला, पण त्यात रंगद्रव्य भरपूर असतं आणि काही कंपन्या पांढरी भुकटीही मिसळतात. म्हणून तो खालचा थर झाकतो. गडदावर उजळ रंग चढवता येतो, त्यामुळे उजळ जागांसाठी कागदाचा पांढरा जपत बसण्याचं दडपण जातं आणि लक्ष समोरच्या उजेडाकडे राहतं.

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर हे नीट उमगलं. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेत उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, आणि त्यांवर सकाळचं तिरपं ऊन. कार्यशाळेच्या सरांनी आधी सगळ्यांकडून फक्त तीन टोन (रंगाच्या गडद-उजळपणाच्या पातळ्या) करून घेतले: सावली, ऊन, आकाश. मंदिर नाही, झाड नाही, काहीच नाही. मग पायऱ्यांची उभी बाजू अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून, किंचित पांढरा घालून, एका दमात सपाट भरली. ती वाळली की चपट्या ब्रशच्या कडेने यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि पांढऱ्याची एकेक पट्टी ओढायची. ही पट्टी उन्हातल्या पायरीची. दगड काळा आहे हे आपल्याला माहीत असतं, पण उन्हात तो जवळजवळ मळकट पिवळा दिसतो. ग्वाशमध्ये त्या जागी तोच रंग कालवून ठेवावा लागतो, पाण्यावर सोडून देता येत नाही. शिकणाऱ्यासाठी हा याचा सगळ्यात मोठा गुण.

पट्टी ओढली की ब्रश उचलायचा. वाळलेला ग्वाश पाणी लागलं की पुन्हा जागा होतो. दुसऱ्यांदा घासलंत तर खालची सावली वर येऊन ऊन गढूळ होतं. वरच्या थरात पाणी कमी, रंग दाट साईइतका. हा अंदाज हाताला बसायला मला उन्हाळा उजाडला.

त्रासाची गोष्ट म्हणजे वाळल्यावर टोन सरकतो. उजळ मिश्रणं थोडी गडद होतात, गडद मिश्रणं फिकी पडतात. आकाश आणि दूरचा डोंगर जवळजवळ एकाच टोनचे असतात, तिथे हे फार जाणवतं. त्याच कागदाच्या तुकड्यावर ठिपका देऊन वाळू द्यायचा आणि मगच चित्राला हात लावायचा, हा एकच उपाय मला लागू पडला.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पाताळेश्वराच्या आवारात बसायचे. सावलीत बसूनही पॅलेटवरचा रंग बघता बघता सुकायचा. झाकणाच्या पत्र्याच्या डबीत ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, अशी सोय केली तर तासभर निभतं. पावसाळ्यात गणित उलटं. थर वाळतच नाही, आणि झाडावरचा एक थेंब पडला तरी डाग राहतो. मोठी छत्री किंवा देवळाची ओसरी हवीच. डबी मिटून ठेवली की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून घरी आल्यावर ती उघडून पुसून ठेवायची.

खरेदीबद्दल. सुरुवातीला छोट्या कपांतले जेलीसारखे रंग घेतले होते. घरी टेबलावर ते छान चालतात, पण पिशवीत आडवे झाले की एकमेकांत मिसळतात. बाहेरच्या कामाला ट्यूबच. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो, एक गार (निळसर झाकेचा) आणि एक ऊबदार (नारिंगी झाकेचा) लाल, आणि टायटॅनियम व्हाइट एवढ्यावर सह्याद्रीतलं बहुतेक सगळं होतं. पांढरा मात्र मोठ्या ट्यूबमध्ये घ्या, सगळ्यात आधी तोच संपतो. पण उजळ करायचं म्हणजे पांढराच ओतायचा असं नाही. त्याने चित्र खडूने काढल्यासारखं निस्तेज होतं. उन्हातल्या हिरव्याला आधी पिवळा द्या, मग पांढरा.

पोस्टर कलरही चालतात, त्यांना कमी लेखू नका. जपानच्या स्टुडिओ जिब्लीचे पार्श्वभूमी-चित्रकार काझुओ ओगा पोस्टर कलरमध्येच काम करत आले आहेत. फक्त चित्र भिंतीवर लावायचं असेल, तर ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक आणि उजेडात टिकण्याची खूण आहे का ते पाहा. भडक गुलाबी आणि फ्लुरोसंट छटा लवकर उडतात.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या, कडांना मास्किंग टेप लावा. चित्र पूर्ण झाल्यावर व्हार्निश मारू नका. ग्वाशचा मखमली मॅटपणा त्याने जातो आणि गडद रंग आणखी काळवंडतात. माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट) लावून काचेत फ्रेम करा, काच कागदाला टेकणार नाही एवढी फट ठेवून.