आठवण दाखवायची कशी: फ्लॅशबॅक की एकाच शॉटमध्ये?

समजा वेंगुर्ल्याच्या एका जुन्या घरात शॉर्टफिल्म करायची आहे. आजी पडवीत बसून तरुणपणातला पाऊस आठवते, एवढाच प्रसंग.

नेहमीचा रस्ता म्हणजे चेहऱ्याचा क्लोजअप, डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरं उमटणं), रंग जरा उतरवायचे आणि फ्लॅशबॅक सुरू. प्रेक्षक गोंधळत नाही. नेमकं साल कळणं गरजेचं असेल तर हाच बरा. पण आठवण इथे कपाटाच्या कप्प्यासारखी उघडते नि बंद होते. शिवाय त्या सेपियाचा, म्हणजे जुन्या फोटोसारख्या तपकिरी रंगाचा, आता वीट आलाय.

दुसऱ्या रस्त्यात कटच नाही. कॅमेरा आजीवरून सरकत माजघरात जातो, तिथे तरुणपणीची आजी कंदिलाची काच पुसतेय. परत पडवीत यावं, तर म्हातारी जागच्या जागी. दिग्दर्शक बर्गमनच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मध्ये (१९५७) म्हातारा डॉक्टर म्हाताऱ्याच्याच रूपात आपल्या आठवणीत शिरतो. दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या 'मिरर'मध्ये (१९७५) आई आणि बायको एकाच अभिनेत्रीने साकारल्यात. कोण कुठल्या काळातलं, हे आपणच जुळवायचं.

यात तालीम मात्र घाम काढते. पडवीतल्या उजेडातून अंधाऱ्या माजघरात शिरताना एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) सांभाळावं लागतं. पागोळ्यांचा आवाज सलग ठेवला की अर्धं काम झालं. काळ बदलतो, पाऊस तोच राहतो.

आठवणीसाठी मी दुसराच घेईन. स्वप्न असतं तर सरळ कट मारला असता आणि सेकंदाला ४८ फ्रेम्सने (चित्रांनी) शूट करून २४ने दाखवलं असतं. वेग निम्मा होतो, खर्चही फारसा वाढत नाही.