ट्रेमध्ये जाण्याआधी बोन्साय वाढवायचं कुठे: जमीन, टोमॅटोची क्रेट की गुटी?

नर्सरीतून आणलेलं फायकसचं किंवा कुंतीचं रोप थेट उथळ ट्रेमध्ये बसवलं, तर खोड वर्षानुवर्षं बोटाएवढंच राहतं. मुळांना पसरायला जागा नाही, म्हणून वर पालाही बेताचाच, आणि भरपूर पाला असल्याशिवाय खोड भरत नाही. म्हणून ट्रेच्या आधी तीन-चार वर्षं झाडाला मोकळं वाढू द्यावं लागतं आणि त्याच काळात मुळांना वळण लावावं लागतं. ही वर्षं झाडाने कुठे काढायची, एवढंच नाशिकमध्ये नव्याने सुरुवात करणाऱ्याला ठरवायचं असतं. ठरवताना खोड किती जाड हवं, बुंध्याशी मुळं चहूबाजूंनी किती सारखी हवीत आणि एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार, या तीन गोष्टी पाहाव्यात. तिसरी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

जमीन

खोड जाड करायला जमिनीसारखं दुसरं काही नाही. जमिनीत लावलेलं फायकस तीन-चार वर्षांत मनगटाच्या जाडीजवळ जाऊ शकतं. कुंडीत त्याला याच्या दुप्पट काळही कमी पडतो. बुंध्याजवळची एक-दोन फांदी मुद्दाम न छाटता वाढू दिली, तर तळाची जाडी आणखी लवकर येते. ती फांदी शेवटी कापूनच टाकायची असते.

पण आपल्याकडची काळी माती बोन्सायच्या मुळांना मानवत नाही. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, आठ-आठ दिवस वाफसा येत नाही आणि मुळं कुजतात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि बारीक पांढरी मुळी तुटते. द्राक्षवाले बोद, म्हणजे मातीचे उंच वरंबे, पाडतात ते उगीच नाही. तुम्हीही वीतभर उंच बोद करा, त्यात चाळलेला मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा. कच्चं शेण घातलंत तर हुमणी अळीला आमंत्रण, आणि हुमणी मुळंच खाते.

जमिनीचा दुसरा दोष म्हणजे सोटमूळ. झाड मोकळं सोडलं की ते सरळ खाली उतरतं आणि बाजूची मुळं काडीसारखी राहतात. त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय फरशीचा. लावतानाच सोटमूळ कापायचं, रोप वीतभर रुंदीच्या फरशीच्या तुकड्यावर ठेवायचं, उरलेली मुळं चहूकडे फाकवून माती चढवायची. खाली वाट नाही म्हटल्यावर मुळं आडवीच जातात. बोन्सायवाले ज्याला नेबारी म्हणतात, तो बुंध्याशी दिसणारा मुळांचा घेर असा तयार होतो. दर वर्ष-दीड वर्षाने झाड उचलून पाहायचं. जे मूळ दांडगं झालंय ते जास्त आखूड कापायचं, बारीक मुळांना हात लावायचा नाही. एकमेकांवरून गेलेल्या दोन मुळांपैकी एक काढायचं. हे उचलणं टाळलं तर सगळा खटाटोप फुकट जातो, कारण एका बाजूचं मूळ पोसलं की खोडही त्याच बाजूला फुगतं आणि ते नंतर सावरता येत नाही.

थोडक्यात, मळा असेल किंवा बंगल्यामागे पट्टा असेल तर जमीन. भाड्याच्या जागेत नको.

टोमॅटोची क्रेट

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी माझं मत सरळ क्रेटच्या बाजूने आहे. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जाणारी वीस किलोची प्लॅस्टिक क्रेट इथे वापरलेलीसुद्धा सहज मिळते. ती करवतीने अर्ध्या उंचीवर कापायची, आतून शेडनेटचा तुकडा लावायचा आणि चाळलेला मुरूम, विटांचा चुरा, थोडं कोकोपीट आणि गांडूळखत भरायचं. मातीतली धूळ चाळून टाकायला विसरू नका. बारीक धूळ तळाशी बसली की निचरा संपला.

क्रेटचं काम भोकांतून चालतं. मूळ कडेला येतं, भोकापाशी कोरडी हवा लागते, टोक सुकतं आणि मागे आत त्याच मुळाला नवी बारीक मुळं फुटतात. साध्या प्लॅस्टिक कुंडीत तेच मूळ भिंतीला लागून गोल गोल फिरत राहतं आणि दोन वर्षांनी झाड काढलं की हातात वेटोळ्यांचा गठ्ठा येतो. क्रेटमधलं मूळ आखूड, दाट आणि बारीक असतं. ट्रेला लागतं ते हेच.

क्रेट जाडी मात्र सावकाश देते. आणि पाणी फार मागते: एप्रिल-मेमध्ये गच्चीवर दिवसातून दोनदा, एकही वेळ न चुकवता. सुट्टीत गावाला जाणारे असाल तर एका नळीवर दोन ड्रिपर आणि टायमर लावा, नाहीतर शेजारच्या काकूंना किल्ली देऊन जा.

थोडी जमीन असेल तर दोन्हींचा मेळ घालता येतो, आणि मला तोच सगळ्यात पटतो. क्रेट बोदात अर्धी पुरायची. मुळं भोकांतून बाहेर पडून जमिनीत जातात, त्यामुळे खोड भरतं. आत बारीक मुळांचं जाळं तयार होत राहतं. वर्षाने क्रेटच्या भोवती कुदळ फिरवून बाहेरची मुळं तोडायची. फायकस हा धक्का सहज पचवतं. कुंतीला मात्र एका बाजूची मुळं आधी आणि दुसऱ्या बाजूची काही महिन्यांनी तोडावी.

कापडी ग्रो बॅगेचं काम क्रेटसारखंच आहे, फक्त बोअरच्या जड पाण्याने कापडावर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि झाड काढताना मुळं कापडात अडकून तुटतात. पिशवी घरात पडून असेल तर वापरा, मुद्दाम विकत घेऊ नका. साध्या कुंडीबद्दल वर आलंच आहे.

गुटी

ज्याला तीन वर्षं थांबायचं नाही, त्याने गुटीचा, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं आणून ती वेगळी करण्याचा, विचार करावा. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातल्या डाळिंबवाल्यांना ही नवी गोष्ट नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंगठ्याएवढ्या जाड फांदीची साल गोल काढायची, ओलं मॉस (शेवाळ) बांधायचं, वर प्लॅस्टिक. फायकसला दीड-दोन महिन्यांत मुळं दिसतात, डाळिंबाला थोडा जास्त वेळ द्यावा. सालीच्या कडेने सगळीकडून मुळं फुटतात, म्हणजे घेर आपोआप गोल येतो, सोटमूळ नसतंच आणि जाडी आयती मिळते. उणीव एवढीच की फांदीचं खोड तळापासून वरपर्यंत एकसारखं जाड असतं. बुंध्याशी रुंद आणि वर निमुळतं होणारं खोड हवं असेल तर पुन्हा क्रेट किंवा जमीन आलीच.

जुन्या नाशिकच्या वाड्यांच्या भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप अनेकांना भुरळ घालतं. त्याची मुळं चपटी आणि एकाच बाजूची असतात. दगडावर बसवायला ती उत्तम, एरवी नको. बागलाण-मालेगावकडे काढून टाकलेल्या डाळिंबाच्या बागेतलं जुनं खोड हा खरा खजिना आहे, पण आधी एक मूळ आणि फांदी आडवी कापून पाहा. आतलं लाकूड काळपट डागाळलेलं असेल तर तो मर रोग असू शकतो आणि तो मातीतून पसरतो. असं खोड फुकट मिळालं तरी घरी आणू नये.

कापायचं कधी

द्राक्षांच्या खरड आणि गोडी छाटणीच्या या जिल्ह्यात फांदी कापायला कोणी घाबरत नाही, मुळाला कात्री लावताना मात्र भलेभले थबकतात. वेळ पाळली तर भीतीचं कारण नाही. फायकस, वड, उंबर यांची मुळं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चमध्ये किंवा पाऊस स्थिरावल्यावर कापावीत. पानं गाळणारं डाळिंब नवी पालवी फुटण्याच्या तोंडावर घ्यावं. नोव्हेंबर ते जानेवारी फायकसच्या मुळांना हात लावू नये. निफाडच्या थंडीची बातमी पेपरात येत असते त्या दिवसांत त्याची नवी मुळी जवळपास थांबलेली असते, आणि कापलेली जागा भरण्याऐवजी कुजते.

ट्रेची वेळ आली का, हे झाड उचलून माती धुतल्यावरच कळतं. मुळं सगळ्या बाजूंना असतील आणि बुंध्याखाली तीन बोटांपेक्षा खोल जाड मूळ उरलं नसेल, तर ट्रे आणा. एकच बाजू रिकामी असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. त्याच जातीचं काडीएवढं रोप त्या जागी साल खरवडून बुंध्याला घट्ट बांधा, झाड परत क्रेटमध्ये लावा, जोड बसला की रोपाचा वरचा भाग कापून टाका. फायकसमध्ये एका हंगामात हा जोड बसतो.