बोटीसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल: घ्यावं का? माझं मत

आउटबोर्डला (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाला) सध्या जेट्टीवरच्या पंपाचं इथेनॉल (पेट्रोलमध्ये मिसळतात ते अल्कोहोल) नसलेलं पेट्रोलच भरतोय, महाग आहे पण पैसे खटकत नाहीत. बोटीच्या टाकीला व्हेंट, म्हणजे हवेचं छिद्र, असतो, त्यातून दमट हवा आत येत राहते आणि इथेनॉल ती ओल ओढून घेतं, मग एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र वेगळं होऊन तळाशी बसतं आणि इंजिनाचा पाइप नेमका तळातूनच ओढतो. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही (इंजिनात ठोके न पडू देण्याची ताकद) उतरतो. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या इंजिनांना तर फारच त्रास, रबरी पाइप आणि गॅस्केट पण खराब होतात.

पंपावरच्या पाटीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. खुणा असलेल्या काचेच्या नळीत थोडं पाणी घ्या, पातळीवर पेनने रेघ मारा, वरून पेट्रोल ओता, बूच लावून नीट हलवा आणि ठेवून द्या. खालचा थर रेघेच्या वर चढला की समजा इथेनॉल आहे. या पंपाचं पेट्रोल तपासलं तेव्हा थर बरोब्बर रेघेवर राहिला, तिथेच मन बसलं!

ऑक्टेन मॅन्युअलशी जुळतोय का बघा, आणि खप असलेलाच पंप निवडा कारण हे पेट्रोलही पडून शिळं होतं. बोट बंद ठेवणार असाल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं रसायन) टाकाच. नाहीच मिळालं तर ई१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) बहुतेक इंजिन कंपन्यांना चालतं, ई१५ (१५ टक्क्यांचं) बोटीत अजिबात नको. १० मायक्रॉनचा वॉटर सेपरेटर (पाणी वेगळं करणारा) फिल्टर दोन्ही प्रकारच्या पेट्रोलला हवाच.

माझ्याकडून ५ पैकी ४, एक कमी कारण सगळीकडे मिळत नाही.