गिंपसाठीच्या शार्पनिंग स्क्रिप्ट : दीर्घ वापरानंतरचे मत

डिजिटल कॅमेऱ्यातून बाहेर पडणारे छायाचित्र मुळातच किंचित मऊ असते आणि त्यात कॅमेऱ्याचा किंवा छायाचित्रकाराचा दोष असतोच असे नाही. सेन्सरवरच्या प्रत्येक पिक्सेलपुढे लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची एकच गाळणी बसवलेली असते. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बेयर यांना १९७६ साली जिचे पेटंट मिळाले, ती ही रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांत वापरली जाते. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरावे लागतात आणि या अंदाजात बारीक कडा थोड्या विरघळतात. कॅमेराच जेपेग तयार करून देत असेल, तर ही उणीव तो आतल्या आत शार्पनिंगने, म्हणजे कडांना धार देऊन, भरून काढतो. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरवरची कच्ची नोंद, घेणाऱ्याला मात्र हे काम स्वतः करावे लागते आणि माझ्यासारखे अनेकजण त्यासाठी गिंप हे मोफत चित्रसंपादन सॉफ्टवेअर आणि त्याकरिता मोफत मिळणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे अनेक पायऱ्या एका दमात करून देणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, यांच्यावर विसंबून असतात. या स्क्रिप्टपैकी कोणत्या ठेवण्याजोग्या आहेत आणि कोणत्यांची आता गरज उरलेली नाही, हे येथे नोंदवतो.

आधी मूळ साधनाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण बहुतेक स्क्रिप्ट त्यालाच वेगवेगळे कपडे घालतात. ‘अनशार्प मास्क’ हे नाव डार्करूमच्या काळातले आहे. निगेटिव्हची मुद्दाम पुसट केलेली पॉझिटिव्ह प्रत तिच्याच जोडीला ठेवून छपाई केली, की कडा उठून दिसत. संगणकही तेच करतो : चित्राची पुसट प्रत काढतो, ती मूळ चित्रातून वजा करतो आणि उरलेला फरक काही पटीने पुन्हा मूळ चित्रात मिसळतो. कडेची उजळ बाजू थोडी अधिक उजळ आणि गडद बाजू थोडी अधिक गडद होते आणि डोळ्याला तपशील वाढल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात एकही नवा तपशील आलेला नसतो. गिंपमध्ये याचे तीन सरकपट्ट्यांचे नियंत्रण आहे. रेडियस म्हणजे फरक किती दूरवर पसरवायचा, अमाउंट म्हणजे किती मिसळायचा आणि थ्रेशोल्ड म्हणजे किती लहान फरकाकडे दुर्लक्ष करायचे. मूळ नेमणूक रेडियस ३ आणि अमाउंट ०.५ अशी असते. लहान आकाराच्या चित्राला हा रेडियस फारच मोठा आहे. कडेला पांढरी किनार दिसू लागते आणि माणूस कागदातून कापून चिकटवल्यासारखा भासतो.

स्क्रिप्टचा पहिला प्रकार ‘हाय पास’चा आहे. चित्राची प्रत काढून तिच्यातून फक्त कडा उरतील असा करडा लेअर, म्हणजे वेगळा थर, बनवायचा आणि तो ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट या मिश्रणपद्धतीने मूळ चित्रावर ठेवायचा, एवढेच ती करते. एके काळी गिंपमध्ये हे फिल्टर नव्हते. प्रत पुसट करा, ‘ग्रेन एक्स्ट्रॅक्ट’ लावा, लेअर एकत्र करा अशा चार-पाच पायऱ्या हाताने कराव्या लागत, म्हणून या स्क्रिप्टना फार मागणी होती. २०१८ साली आलेल्या २.१० या आवृत्तीपासून हाय पास हे फिल्टर मुख्य मेनूतच आहे. तेव्हा या प्रकारच्या स्क्रिप्ट मी सगळ्या काढून टाकल्या आहेत आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या शोधत बसू नये.

दुसरा प्रकार ‘स्मार्ट शार्पन’ या नावाने ओळखला जातो आणि या लेखाचे खरे कारण तोच आहे. अनशार्प मास्कला कड आणि दाणेदारपणा यांतला फरक कळत नाही. निळ्या आकाशातला नॉईज, म्हणजे हा दाणेदारपणा, आणि पक्ष्याच्या पिसाची रेघ दोन्ही त्याच्या लेखी सारखेच. थ्रेशोल्ड वाढवून नॉईज टाळता येतो, पण मग पिसांतल्या फिक्या रेघाही त्याच्याबरोबर जातात. ही स्क्रिप्ट वेगळा मार्ग घेते. ती चित्राचा उजेडाचा भाग रंगांपासून वेगळा काढते, त्याच्यावर कडा शोधणारे फिल्टर चालवते, मिळालेल्या काळ्या-पांढऱ्या नकाशाचे लेव्हल्स आवळते (म्हणजे काळे अधिक काळे आणि पांढरे अधिक पांढरे करते), तो नकाशा किंचित पुसट करते आणि त्याचाच मास्क म्हणून वापर करते. मग अनशार्प मास्क फक्त उजेडाच्या भागावर आणि फक्त मास्क जेथे पांढरा आहे तेथेच लागू होतो. रंगांना हात लागत नसल्यामुळे कडेला जांभळट-हिरवट झाक येत नाही.

हे प्रत्यक्ष कसे दिसते ते एका चित्रावरून सांगतो. वाळक्या फांदीवर बसलेला खंड्या, मागे ढगाळ आकाश, आयएसओ १६०० (संवेदनशीलता वाढवलेली, म्हणून नॉईज अधिक) असे ते चित्र होते. साधा अनशार्प मास्क लावल्यावर चोच आणि डोळ्यातला उजेडाचा ठिपका सुरेख उठला, पण आकाश सँडपेपरसारखे झाले. स्क्रिप्टने बनवलेला मास्क मी लेअरच्या पटलात ऑल्ट दाबून त्याच्यावर क्लिक करून पाहिला, तेव्हा काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांनी काढलेला पक्षी दिसला : चोचीची धार, डोळ्याचे वर्तुळ, पंखांच्या पिसांच्या समांतर रेघा, फांदीच्या सालीचे भेगाळलेले काठ. आकाश जवळजवळ पूर्ण काळे होते. छातीवरच्या मऊ पिसांच्या जागी मात्र करड्या ठिपक्यांची गर्दी होती. तेथे मी मऊ ब्रशने काळा रंग हलकेच फिरवला आणि छातीचा मऊपणा शाबूत राहिला. एवढा हस्तक्षेप करता येतो तो मास्क उघड्यावर असतो म्हणूनच. धार कोठे लावायची नाही हे ठरवण्याची मोकळीक या स्क्रिप्टमुळे मिळते आणि माझ्या मते तिची किंमत तेवढ्यातच आहे.

याच नावाखाली फिरणाऱ्या सगळ्या स्क्रिप्ट मात्र सारख्या दर्जाच्या नाहीत. घरातल्या एका वृद्ध आजींचे खिडकीच्या उजेडातले छायाचित्र मी अशाच एका स्क्रिप्टमधून काढले होते. काम संपल्यावर ती सगळे लेअर सपाट करून टाकते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. मी फाइल त्याच नावाने साठवली आणि सॉफ्टवेअर बंद केले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो सुरकुत्या चाकूने कोरल्यासारख्या झाल्या होत्या, गालावरचे प्रत्येक रंध्र मोजता येत होते आणि मागे फिरण्याची वाट उरली नव्हती. रॉ फाइल होती म्हणून निभावले, पण त्या चित्राच्या रंगांवर केलेले सगळे काम पुन्हा करावे लागले. दोष अर्थातच घाईने साठवणाऱ्याचा, म्हणजे माझा. तरीही तेव्हापासून कोणतीही नवी स्क्रिप्ट मी आधी एका टाकाऊ चित्रावर चालवतो आणि दोन गोष्टी पाहतो. शार्प केलेला भाग वेगळ्या लेअरवर राहतो का, आणि एकदाच कंट्रोल-झेड दाबल्यावर चित्र पूर्ववत होते का? दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण जिच्या कर्त्याने सगळ्या पायऱ्या एका गटात बांधण्याची तसदी घेतलेली नाही, तिच्यातून मागे येताना वीस-वीस पायऱ्या एकेक करून उलगडत बसावे लागते.

स्क्रिप्ट बसवणे कठीण नाही. एससीएम या विस्तारनामाची फाइल प्रेफरन्सेसमधल्या फोल्डर्स या भागात दाखवलेल्या स्क्रिप्ट्सच्या फोल्डरात टाकायची आणि ‘रिफ्रेश स्क्रिप्ट्स’ म्हणायचे. फाइल म्हणजे स्कीम या भाषेतला साधा मजकूर असतो. कंसांच्या रांगा पाहून प्रथम धडकी भरते, पण शेवटी जेथे संवादचौकटीची नोंदणी केलेली असते तो भाग कोणालाही वाचता येतो. ‘एसएफ-अ‍ॅडजस्टमेंट’ असे लिहिलेल्या प्रत्येक ओळीतला पहिला आकडा म्हणजे त्या सरकपट्टीची मूळ नेमणूक. मी तेथे रेडियसचा आकडा कमी करून ठेवला आहे, त्यामुळे दरवेळी तो खाली ओढावा लागत नाही. पैसे देऊन घेतलेल्या बंदिस्त प्लगइनमध्ये ही सोय क्वचितच असते.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने स्क्रिप्टचा नाही, पण तो वगळला तर हे परीक्षण लंगडे राहील. जीमिक हा फ्रान्समधील कां येथील ग्रेक या प्रयोगशाळेत २००८ पासून विकसित होत असलेला मोफत फिल्टरसंच आहे आणि त्याची स्वतःची स्क्रिप्ट-भाषाही आहे. त्यात शार्पनिंगची डझनभर तरी साधने असतील. त्यांतले मी नियमाने वापरतो ते रिचर्डसन-लुसी. १९७२ आणि १९७४ मध्ये या दोघांनी स्वतंत्रपणे मांडलेली ही पद्धत खगोलशास्त्रात रुळलेली आहे. १९९० साली सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या आरशात दोष निघाला, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत तिची चित्रे सुधारण्यासाठी अशाच पद्धती कामी आल्या. येथे कडेचा उठाव वाढवण्याऐवजी ‘चित्र अमुक प्रकारे पुसट झाले आहे’ असे गृहीत धरून ती प्रक्रिया उलटी फिरवण्याचा प्रयत्न होतो. भिंगाचा किंचित मऊपणा तिने खरोखरच कमी होतो. दूरच्या फलकावरची एकमेकांना चिकटलेली अक्षरे सुटी झालेली मी पाहिली आहेत. सिग्मा (गृहीत धरलेला पुसटपणा किती पसरलेला आहे तो आकडा) १ च्या आसपास आणि आवर्तने १० ते १५ ठेवावीत. त्यापुढे गेलो तर कडांभोवती पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेघा उमटतात आणि नॉईजचे किडे वळवळू लागतात. मोठ्या चित्रावर गणिताला वेळही लागतो. शिवाय फोकस पूर्ण चुकलेल्या किंवा हात हलून फरपटलेल्या चित्राचे काही होत नाही, त्याबाबतीत आशा ठेवू नये.

माझा क्रम असा ठरून गेला आहे. भिंगाच्या मऊपणासाठी रिचर्डसन-लुसी अगदी सुरुवातीला, हलक्या हाताने. मग रंग आणि उजेडाचे काम. मग चित्र हव्या त्या आकाराचे करणे. आणि त्यानंतरच स्मार्ट शार्पन. सहा हजार पिक्सेल रुंद चित्र दीड हजारावर आणले की आधी लावलेली धार बरीचशी विरून जाते, त्यामुळे शेवटची धार लहान केलेल्या चित्रालाच लावावी लागते आणि तेथे ०.५ च्या आसपासचा रेडियस पुरतो. हे सारे शंभर टक्के झूमवर पाहूनच करावे, कारण तेहतीस टक्क्यांवर जे सुबक दिसते ते बऱ्याचदा पडद्याने स्वतः लहान करताना दिलेले असते. जेपेगमधून सुरुवात करावी लागली तर फाइल लहान करताना जेपेगने पाडलेले आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोनही धारदार होतात. तेथे मास्क अधिक आवळावा.

आता तक्रारीची जागा. मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० आले आणि जुन्या स्क्रिप्टपैकी बऱ्याच बंद पडल्या. अनेक आज्ञांची नावे बदलली, काही काढूनच टाकल्या गेल्या. शिवाय नव्या आवृत्तीचे फोल्डर वेगळे असल्यामुळे जुन्या स्क्रिप्ट तेथे आपोआप येतही नाहीत. ज्यांचे कर्ते अजून लक्ष घालतात, त्या स्क्रिप्ट सुधारून मिळतात. बाकीच्या अनाथ झाल्या आहेत. याची भरपाई म्हणावी तर नव्या आवृत्तीत अनशार्प मास्कसारखी अंगभूत फिल्टर लेअरवर न विरघळता वेगळी राहतात आणि आकडे नंतरही बदलता येतात. प्रत काढलेल्या लेअरची मिश्रणपद्धत ‘एलसीएच लाइटनेस’, म्हणजे फक्त उजेड बदलणारी, केली, की रंगांना धक्का न लावण्याचा फायदाही हाताने मिळवता येतो. राहता राहिला कडांचा मास्क. तोही हाताने करता येतो, पण पन्नास चित्रांसाठी तोच खटाटोप पन्नास वेळा करायची माझी तयारी नाही.

म्हणून सध्या माझ्या संगणकावर ३.० च्या शेजारी २.१० ही आवृत्तीही ठेवलेली आहे. बाकीचे सगळे काम नव्या आवृत्तीत होते. चित्र शेवटच्या आकाराला आले, की ते सोळा बिटच्या टिफमध्ये साठवून जुन्या आवृत्तीत उघडतो, एक स्क्रिप्ट चालवतो, मास्कवर दोन-चार ठिकाणी ब्रश फिरवतो, शार्प लेअरची अपारदर्शकता साठ-सत्तर टक्क्यांवर आणतो आणि फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहण्यासाठी बाजूला ठेवतो. सकाळी तो आकडा बहुतेक वेळा आणखी खाली येतो.